धुक्यातली रात्र आणि निकाहातला वकील

लंडनवर दाट धुकं उतरलं आहे. नाचाच्या समारंभाला आलेल्या पाहुण्यांना घरी जाता येत नाही आणि हॉटेलात एकही खोली शिल्लक नाही. एव्हरार्ड लोगन या तरुण बॅरिस्टरने मात्र आपली ऐसपैस जागा आधीच घेऊन ठेवली आहे, आणि त्यातला कोपराही कुणाला द्यायची त्याची तयारी नाही. लेस्ली नावाची एक मुलगी निव्वळ बोलण्याच्या जोरावर आत शिरते. त्याचा पलंग घेते, त्याचा पायजमा घेते आणि बॅरिस्टरसाहेबांना शेजारच्या खोलीत जमिनीवर गादी टाकून झोपावं लागतं. सकाळी ती आपलं नाव न सांगता निघून जाते. पुढे लोगनच्या कचेरीत लॉर्ड मियर नावाचे गृहस्थ येतात. त्यांचं म्हणणं असं, की आपली बायको त्या रात्री त्याच हॉटेलात एका परपुरुषाच्या खोलीत होती, आणि आपल्याला घटस्फोट हवा आहे. लोगनच्या पायाखालची जमीन सरकते. ज्या खटल्यात तो वकील म्हणून उभा राहणार, त्यात आरोप त्याच्यावरच आहे, अशी त्याची समजूत होते. ही समजूत चुकीची आहे हे प्रेक्षकाला ठाऊक असतं, लेस्लीला ठाऊक असतं, फक्त वकिलाला ठाऊक नसतं.

'द डायव्होर्स ऑफ लेडी एक्स' हा १९३८चा ब्रिटिश चित्रपट. निर्माता अलेक्झांडर कोर्डा, दिग्दर्शक टिम व्हेलन, आणि मुळात गिल्बर्ट वेकफील्डचं एक नाटक. लोगन झाला आहे लॉरेन्स ऑलिव्हिए, लेस्ली मर्ल ओबेरॉन आणि लॉर्ड मियर राल्फ रिचर्डसन. ब्रिटनमधल्या सुरुवातीच्या टेक्निकलर चित्रपटांपैकी हा एक. मधला भाग रेंगाळतो हे मान्य करावं लागेल. एकच गैरसमज ताणून ताणून दीड तास चालवायचा, तर कुठेतरी दोरी सैल पडणारच. पण रिचर्डसनने रंगवलेला झिंगलेला लॉर्ड आला, की सगळं माफ करावंसं वाटतं. हा माणूस घटस्फोट मागायला आला आहे, की कुणीतरी आपल्याला घरी नेऊन सोडावं म्हणून आला आहे, हे त्याचं त्यालाच कळत नाही.

मर्ल ओबेरॉन १९११ साली मुंबईत जन्मली. मुंबई आणि कलकत्ता इथे वाढली. विलायतेत गेल्यावर मात्र तिने जगाला आपला जन्म ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियाचा असल्याचं सांगितलं आणि १९७९मध्ये मरेपर्यंत ते निभावलं. सावळ्या रंगाची जी बाई तिला आईसारखी होती, तिला लंडनच्या घरी आल्यागेल्यासमोर मोलकरीण म्हणून वावरावं लागे, असं तिच्या चरित्रकारांनी नोंदवलं आहे. अशी नटी या चित्रपटात दुसऱ्याच बाईचं नाव पांघरून वावरते, आणि एका नामांकित वकिलाला उलटतपासणीची सगळी हत्यारं हाताशी असून ते ओळखता येत नाही. पटकथा लिहिताना हे कुणाच्या मनात असेल असं मला वाटत नाही. आज पाहताना मात्र हा योगायोग नजरेआड करता येत नाही.

आता मुद्दा असा, की या गोष्टीत हसू कशाचं येतं? बंद खोली, अनोळखी मुलगी, अवघडलेला पुरुष हे तर फार्सचं नेहमीचं सामान झालं. इथे खरा विनोद कायद्याने पुरवला आहे. इंग्लंडमध्ये तोवर घटस्फोटाला व्यवहारात एकच कारण चालत असे, ते म्हणजे व्यभिचार. नवराबायकोचं पटत नाही, दोघांनाही सुटायचं आहे, एवढं पुरत नसे. उलट दोघांनी संगनमत केलं असं दिसलं, तर अर्जच फेटाळला जाई. यातून 'हॉटेलचा पुरावा' नावाचा एक धंदा उभा राहिला. नवऱ्याने एखाद्या भाडोत्री बाईबरोबर हॉटेलात रात्र काढल्याचं दाखवायचं, सकाळी चहा घेऊन येणाऱ्या मोलकरणीने दोघांना पाहायचं, आणि कोर्टात तिने साक्ष द्यायची. आत रात्रभर कदाचित पत्त्यांचा डाव रंगलेला असे. ए. पी. हर्बर्टने १९३४ साली या ढोंगावर 'होली डेडलॉक' ही कादंबरी लिहिली, पुढे तो पार्लमेंटात गेला आणि त्याच्या खटपटीतून १९३७चा कायदा झाला. त्याने क्रूरता, तीन वर्षं सोडून जाणं आणि बरं न होणारं वेड ही कारणंही मान्य केली. कायदा १ जानेवारी १९३८पासून लागू झाला. म्हणजे जुन्या कायद्याच्या तिरडीची तयारी चालू असताना हा चित्रपट तयार होत होता. हॉटेलातली एक निष्पाप रात्र पुरावा ठरू शकते, ही भीती त्या प्रेक्षकाच्या ओळखीची होती, आणि ती आता ओसरते आहे हेही त्याला कळत होतं. त्या हसण्यात सुटकेचा नि:श्वास मिसळलेला असणार.

चित्रपटातला माझ्या दृष्टीने सर्वांत मोलाचा प्रसंग हॉटेलातला नाही, कोर्टातला आहे. लोगन एका खटल्यात उभा राहून आधुनिक स्त्रीवर तोंडसुख घेतो. तिला पुरुषाचे हक्क हवेत, पण जबाबदारी नको, असा त्याचा सूर. लेस्ली हे ऐकते. ती स्वतः न्यायाधीशाची नात आहे, तेव्हा कोर्ट तिला नवं नाही. ती ठरवते, की हा माणूस आपल्याला लेडी मियर समजतो ना, मग समजू दे. इथून पुढचा चित्रपट म्हणजे दोन वकिलांचा सामना आहे. एकाच्या अंगावर झगा आहे, डोक्यावर केसांचा टोप आहे. दुसरीकडे सनद नाही, पण अशील आहे: तो भाषणात ज्या बायकांना झोडपत होता, त्या सगळ्या. ती त्याला त्याच्याच तत्त्वांच्या पिंजऱ्यात उभं करते. बायका बेजबाबदार असतात म्हणणारा हा गृहस्थ दुसऱ्याच्या (त्याच्या समजुतीप्रमाणे) बायकोच्या प्रेमात पडतो, तिच्यासाठी आपलं अशील सोडायला निघतो. शेवटी त्याच कोर्टात तो स्त्रीच्या बाजूने बोलू लागतो.

इथे चित्रपट कच खातो, हेही सांगायला हवं. लेस्लीने जिंकलेल्या खटल्याचं बक्षीस काय, तर नवरा. इंग्लंडमध्ये पहिल्या स्त्रिया बॅरिस्टर झाल्या त्या १९२२ साली. म्हणजे १९३८मध्ये लेस्लीला खरा झगा चढवणं पटकथाकाराला अशक्य नव्हतं. ते सुचलंच नाही. आपल्या शेजारच्या नाशिकमध्ये जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजींनी १८९२मध्ये ऑक्सफर्डची कायद्याची परीक्षा दिली होती, पण विद्यापीठाने पदवी हाती दिली ती तीस वर्षांनी, १९२२मध्येच. मधली वर्षं त्यांनी पडदानशीन बायकांच्या मिळकतींची गाऱ्हाणी ऐकण्यात घालवली. त्या बायकांना पुरुष वकिलासमोर येता येत नसे आणि बाई वकील कायद्याला मंजूर नव्हती. लेस्लीचा खेळ लटका आहे, सोराबजींचं काम खरं होतं, तरी दोघींची अडचण एकच.

प्रतिस्पर्धी वकिलांची प्रेमकथा पुढे खूप वेळा आली. तिची अमेरिकन थोरली बहीण म्हणजे 'ॲडम्स रिब' (१९४९), त्यात सरकारी वकील नवरा आणि बचावाची वकील बायको एकाच खटल्यात समोरासमोर येतात. २००४ साली ब्रिटिश दिग्दर्शक पीटर हॉविटने 'लॉज ऑफ अॅट्रॅक्शन' केला. न्यूयॉर्कमधले दोन घटस्फोटतज्ज्ञ वकील, पिअर्स ब्रॉस्नन आणि जुलियान मूर, एका गायक नवऱ्याच्या आणि त्याच्या वेषभूषाकार बायकोच्या भांडणात एकमेकांविरुद्ध उभे राहतात. वाद आयर्लंडमधल्या एका किल्लेवजा वाड्याचा. दोघे पुरावा गोळा करायला तिथे जातात, गावच्या जत्रेत पितात आणि सकाळी बोटात अंगठ्या घालून जागे होतात. बातमी फुटते, मग घटस्फोटाच्या वकिलांनी रात्रीत लग्न करून सकाळी मोडलं तर धंद्याचं काय, म्हणून संसाराचं सोंग. पुढे ती नवऱ्याच्या घरात सापडलेली त्याच्या अशिलाची गुपितं कोर्टात वापरते, आणि तो दुखावून वेगळं व्हायला निघतो. एवढा एकच प्रसंग टोकदार आहे. घर कुठे संपतं आणि कोर्ट कुठे सुरू होतं, हा खरा प्रश्न तिथे उभा राहतो. बाकी चित्रपट गोड आणि सपक. लेस्लीला सनद मिळाली, पण तिच्याकडे मांडायला बाजू उरली नाही, असं काहीसं झालं आहे.

आता हे सगळं आपल्या अंकात कशासाठी, असं वाचक विचारतील. कारण या चित्रपटांतल्या नायकाचा जो व्यवसाय, तो शब्दच आपला आहे. वकील म्हणजे ज्याच्यावर काम सोपवलं तो. निजामशाहीत राज्याच्या मुख्य कारभाऱ्याला वकील म्हणत, पेशवाईत दुसऱ्या दरबारी पाठवलेल्या माणसाला वकील म्हणत, मग इंग्रजी कोर्टं आली आणि शब्द काळ्या कोटात शिरला. आमच्या नगरने (अहमदनगर म्हणून शेकडो वर्षं ओळखलेलं आणि २०२४मध्ये अहिल्यानगर झालेलं) काळे कोटवालेही कमी दिले नाहीत. अच्युतराव आणि रावसाहेब पटवर्धनांचे वडील इथे वकिली करत. कुंदनमल फिरोदिया वकीलच होते, पुढे ते मुंबई विधानसभेचे सभापती झाले.

पण वकील आपल्याकडे आणखी एका जागी असतो. निकाहाच्या वेळी दोन गवाह घेऊन मुलीजवळ जातो, अमुकच्या मुलाशी, इतक्या मेहरवर निकाह कबूल आहे का, असं विचारतो, आणि तिचा होकार मजलिशीत आणून सांगतो, तोही वकीलच. निकाहनाम्यात त्याच्यासाठी स्वतंत्र रकाना असतो. आपल्याकडे लग्न हा करार आहे, हे आपण भाषणांत अभिमानाने सांगतो. करार म्हटला की दोन पक्ष आले, अटी आल्या, साक्षीदार आले, वकील आला. मग तोच करार मोडताना हनफी रिवाजात हे सगळे कुठे जातात? तलाकला गवाह लागत नव्हते, वकील लागत नव्हता, ज्या पक्षाचा करार मोडला जातोय तो पक्ष हजर असणंही लागत नव्हतं. निकाहाला तिचा वकील असतो आणि तलाकला नसतो, हे एक वाक्य मला या ब्रिटिश विनोदिकेने लिहायला लावलं. तिथे एका निष्पाप रात्रीचा पुरावा होऊ शकतो म्हणून माणसं घाबरतात, इथे पुराव्याची गरजच पडत नव्हती.

कुरआनात याचा बंदोबस्त आहे, हे जाणकार सांगतीलच. सूरह निसाच्या पस्तिसाव्या आयतीत बिघाडाची भीती असेल तेव्हा एक लवाद त्याच्या घरचा आणि एक तिच्या घरचा नेमायला सांगितलं आहे. दोन बाजू, दोन माणसं, आणि हेतू समेटाचा. हॉविटच्या चित्रपटातही अखेर अशीलांचं जुळतं, पण ते पटकथाकाराच्या कृपेने. आपल्याकडे ही तरतूद पुस्तकात राहिली आणि मोहल्ल्यात एकट्या नवऱ्याचा शब्द चालला.

काळाचा योगायोग पाहा. लंडनमध्ये लेडी एक्सचा बनावट घटस्फोट पडद्यावर आला, त्याच्या पुढच्याच वर्षी, मार्च १९३९मध्ये, आपल्या बायकांना कोर्टातून निकाह मोडून मागण्याचा कायदा झाला. हनफी मतानुसार बाईला सुटका जवळजवळ नव्हती, म्हणून काही बायका धर्म सोडून मोकळ्या होऊ लागल्या होत्या. ते पाहून मौलाना अशरफ अली थानवींनी मालिकी मताचा आधार घेऊन वाट दाखवली, आणि काझमींनी मध्यवर्ती कायदेमंडळात विधेयक आणलं. नवरा चार वर्षं बेपत्ता असेल, दोन वर्षं पोसत नसेल, क्रूरपणे वागत असेल, अशी कारणं त्यात आली. म्हणजे ज्या सुमारास इंग्रज बाईला व्यभिचाराच्या नाटकातून सुटका मिळाली, त्याच सुमारास आपल्या बाईला धर्मांतराच्या नाटकातून मिळाली. तिथे त्या नाटकावर कादंबरी आली, चित्रपट आले, लोक पोट धरून हसले. आपल्याकडे धर्मांतराच्या त्या विलक्षण युक्तीवर मराठीत एक प्रहसनही माझ्या वाचनात नाही.

नगरच्या कोर्टाच्या आवारात तासभर उभं राहिलं, तर साहित्य कमी पडू नये. आत एकमेकांवर तुटून पडलेले दोन वकील बाहेर येऊन एकाच टपरीवर कटिंग घेतात, आणि पारनेर-पाथर्डीहून एसटीने आलेला पक्षकार तोंड वासून पाहतो. एकदा माझ्या शेजारी उभी असलेली एक वयस्क आपा आपल्या लेकीला म्हणाली, 'ये दोनों तो मिले हुए हैं.' लेक म्हणाली, 'मिले हुए हैं तो हमारा भी मिला देंगे.' पोटगीचं प्रकरण होतं. मायलेकींच्या या दोन वाक्यांत जे नाट्य आहे, ते आपल्या किती कथांत आहे?

या पोटगीच्या प्रकरणांत एक ठरलेली चाल असे. बायको पोटगीचा अर्ज करी. नवऱ्याचा वकील आपलं 'म्हणणं' दाखल करी, आणि त्यात एक ओळ असे, की अर्जदाराला अमुक तारखेस तलाक दिलेला आहे. बाईला आपला तलाक झाल्याचं कळे ते कोर्टाच्या कागदाची नक्कल हाती आल्यावर. २००२मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात (आपला जिल्हा त्याच्याच कक्षेत) पूर्णपीठाने सांगितलं, की असं लिहून देणं पुरेसं नाही; कारण काय होतं, समेटाचा प्रयत्न झाला का, हे सगळं पुराव्याने शाबित करावं लागेल. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयानेही शमीम आरा प्रकरणात याच दिशेने निकाल दिला. २२ ऑगस्ट २०१७ला शायरा बानो निकालाने एका दमातला तिहेरी तलाक रद्द ठरवला, २०१९च्या कायद्याने तो गुन्हा झाला. त्या शिक्षेबद्दल आपल्यात मतभेद आहेत, ते असोत. साहित्याच्या बाजूने पाहिलं, तर महत्त्वाची गोष्ट एवढीच घडली, की एका वाक्याने संपणारं दृश्य आता संपत नाही. दुसऱ्या पात्राला वाक्य मिळालं.

मराठी रंगभूमीवर लग्नाची थट्टा नवी नाही. अत्र्यांचं 'लग्नाची बेडी' १९३६चं, म्हणजे लेडी एक्सच्याही आधीचं. पण मराठीत कोर्टाचा खेळ मांडला गेला, तो हसू गोठवणारा. तेंडुलकरांच्या 'शांतता! कोर्ट चालू आहे'मध्ये (१९६७) सुखात्मे हा अशील न मिळणारा वकील लीला बेणारेवरच्या लुटुपुटीच्या खटल्यात फिर्यादीचा वकील होतो, आणि आरोपीचा वकीलही तोच होतो. खुर्ची बदलतो, की आवाज पडतो. बाईच्या बाजूने कुणीच नाही, हे सांगायला तेंडुलकरांना एक माणूस आणि दोन जागा पुरल्या. लेडी एक्सच्या बरोबर उलट टोकाला हे नाटक आहे. चैतन्य ताम्हाणेच्या 'कोर्ट'मध्ये (२०१४) पुन्हा दोन वकील आहेत, विनय व्होरा आणि सरकारी वकील नूतन. कॅमेरा दोघांच्याही घरी जातो. ती मुलाला घेऊन घरी येते, स्वयंपाक करते, नाटकाला जाते. पण या दोघांचं एकमेकांशी कामापलीकडे नातं जुळण्याची शक्यताही चित्रपटाला सुचत नाही. भाषा, पैसा, शहराचा भाग, सगळं त्यांना वेगळं ठेवतं. मुंबईत ते खरंच तसं आहे, म्हणून मला ते पटतं.

आपल्या मुस्लिम मराठी कथेकडे वळतो तेव्हा थोडं कठोर बोलावं लागतं. १८ एप्रिल १९६६ला सात मुस्लिम स्त्रिया हमीद दलवाईंबरोबर मुंबईत विधानसभेवर चालून गेल्या, तेव्हापासून तोंडी तलाक हा आपल्या लेखनाचा विषय झाला, आणि ते अत्यंत आवश्यक होतं. पण त्या कथांचा साचा ठरून गेला. नवरा दारू पिऊन किंवा रागाच्या भरात तीनदा शब्द उच्चारतो, बाई दाराची चौकट धरून खाली बसते, मौलवी डोकं हलवतो, कथा संपते. या बाईला आपण करुणा भरपूर दिली, संवाद दिला नाही. तिचं म्हणणं लेखकच सांगतो. सुखात्म्यासारखाच तो दोन्ही खुर्च्यांवर बसतो. दु:खाची थट्टा करा असं मी म्हणत नाही. विनोदिकेची म्हणून एक अट असते, समोरच्याला तोडीस तोड बोलता आलं पाहिजे. ती अट पाळायची ठरवलं, की लेखकाला बाईच्या तोंडी युक्तिवाद घालावा लागतो, आणि नवऱ्याच्याही तोंडी नुसती शिवी घालून भागत नाही. माझी तक्रार साच्याबद्दल आहे, विषयाबद्दल नाही.

त्यासाठी लंडनचं धुकं उसनं आणायची गरज नाही. निकाहनाम्याचा कोरा कागद पुरेल. मेहर किती, त्यातला तात्काळ किती आणि मागाहून किती, मुलगी नोकरी करील की नाही, नवऱ्याने दुसरा निकाह केला तर काय, आणि तफवीज, म्हणजे ठराविक परिस्थितीत स्वतःला तलाक घेण्याचा अधिकार नवऱ्याने बायकोला आधीच लिहून देणं. हे सगळं शरियतीत बसतं आणि आपल्याकडे क्वचितच लिहिलं जातं. मुलीचा वकील पुष्कळ घरांत मामू किंवा चाचा असतो. सही करतो आणि पंगतीकडे वळतो, कारण बिर्याणी निवत असते. नाटककाराने त्याला तिथेच थांबवावं. समोर मुलाच्या बाजूचाही एक वकील बसवावा, तोही तितकाच हजरजबाबी. एकाने कलम वाचावं, दुसऱ्याने हरकत घ्यावी, काझीसाहेबांनी घड्याळाकडे पाहावं, आणि पडद्यामागून मुलीने विचारावं, 'मामू, तीसरी शर्त फिर से पढ़ो.'